पोटातलं कुणाला सांगावं?

मराठी भाषेनं पोटाइतकं दुसऱ्या कुठल्या अवयवाला राबवून घेतलं नसेल. माया पोटात असते, भीतीचा गोळा पोटात येतो, दुसऱ्याचं गुपित पोटात ठेवायचं असतं, अपराध पोटात घालायचे असतात. आणि एवढं सगळं करून दोन वेळा ते भरायचं काम उरतंच. पण खुद्द पोट बिघडलं की हीच समृद्ध भाषा एकदम मोघम होते. ‘पित्त झालंय’ हे वाक्य घ्या. छातीत जळजळतंय, आंबट पाणी घशाशी येतंय, अर्धं डोकं ठणकतंय, सकाळी उलटी झाली. सगळ्याला आपलं एकच नाव. त्यातही ‘पित्त झालंय’ वेगळं आणि ‘पित्त उठलंय’ वेगळं, कारण उठतं ते अंगावर, गांध्यांच्या रूपानं. गॅसचं तर विचारूच नका. बरगडीखाली टोचलं तरी गॅस, पाठीत उसण भरली तरी गॅस आणि छातीवर दडपण आलं तरी, दुर्दैवानं, गॅसच. डॉक्टर मंडळींना हे पक्कं ठाऊक असतं. ‘पित्त म्हणजे नेमकं काय होतं?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. निदान चांगल्या डॉक्टरांचा तरी असतो.

आता घरोघर एक नवा सल्लागार आला आहे. तो हा प्रश्न सहसा विचारत नाही, सरळ उत्तर देतो. नोव्हेंबर २०२२च्या अखेरीला चॅटजीपीटी सर्वांसाठी खुलं झालं, मागोमाग त्याची भावंडंही आली, आणि बघता बघता आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींच्या तोंडी त्यांची नावं वैद्यबुवांसारखी रुळली. पूर्वी कट्ट्यावर कुणी ‘पोट साफ होत नाही’ म्हटलं की दहा जणांचे दहा उपाय निघत : त्रिफळा, इसबगोल, एरंडेल, कोमट पाण्यात तूप. आता दहाही जण खिशातून मोबाईल काढतात. पोटाच्या तक्रारी या यंत्रांना विशेष मानवतात, याचं कारण उघड आहे. या तक्रारी रोजच्या असतात, चारचौघांत बोलायला लाजिरवाण्या असतात, आणि दवाखान्यात जाण्याइतक्या मोठ्या वाटत नाहीत.

या यंत्राचं म्हणणं कितपत खरं धरावं, हा प्रश्न मी दोन नात्यांनी विचारतो. एक, कादंबरीकार म्हणून. वाक्य गुळगुळीत झालं की ते खरं वाटू लागतं, हे आमच्या धंद्यातलं भांडवल आहे. जे कधी घडलंच नाही ते घडलं असं वाचकाला वाटायला लावण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. ही यंत्रंही मुळात तेच करतात : आजवर लिहिल्या गेलेल्या अफाट मजकुरावरून आता पुढे कोणता शब्द शोभेल याचा अदमास घेत वाक्य विणत जातात. हा अदमास थक्क करण्याइतका चांगला असतो, पण तो अदमासच असतो. दुसरं नातं बँकेतल्या नोकरीचं. तिथे आम्हाला शिकवलं होतं की कागदपत्रं फारच नेटकी असली तर जरा थांबावं, आणि कुठल्याही कागदाचा मजकूर वाचण्याआधी तळाशी सही कुणाची आहे ते बघावं. यंत्राच्या उत्तराखाली सही नसते. असते ती एक ओळ, ‘कृपया तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला घ्या’. ती आपण ‘अटी लागू’सारखी वाचतो. म्हणजे वाचत नाही.

पोटाचं निदान संगणकाकडून करून घेण्याची कल्पना मात्र आजची नाही. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात डी डोम्बल नावाच्या डॉक्टरांनी हा प्रयोग पन्नास वर्षांपूर्वी केला. अचानक पोटात दुखू लागलेले ३०४ रुग्ण त्यांनी घेतले. अपेंडिक्स, पित्ताशयाची सूज, फुटलेला अल्सर, अडकलेलं आतडं असे काही ठराविक आजार धरले, आणि आधीच्या रुग्णांच्या नोंदींवरून शक्यतेचं गणित मांडणाऱ्या संगणकाला प्रत्येक रुग्णाची लक्षणं सांगितली. १९७२ साली निकाल छापून आला. संगणकाचं निदान ९१.८ टक्के रुग्णांत बरोबर ठरलं. रुग्णाला तपासणाऱ्या सर्वांत ज्येष्ठ डॉक्टरांचं ७९.६ टक्के. त्या काळच्या अवजड संगणकानं भल्याभल्यांना मागे टाकलं होतं.

पण खरी गंमत पुढेच आहे. या संगणकाला रुग्ण स्वतः काही सांगत नव्हता. डॉक्टर रुग्णाशेजारी बसून एक छापील तक्ता भरत : दुखणं कुठे सुरू झालं, आता कुठे आहे, खोकल्यावर वाढतं का, पोट दाबल्यावर काय होतं, हात पटकन उचलल्यावर काय होतं. यंत्रापर्यंत पोचणारा प्रत्येक शब्द जाणत्या हाताखालून जात होता. या तक्त्यानं डॉक्टरांनाही शिस्त लावली. प्रयोग चालू असताना त्यांचं स्वतःचं निदान सुधारलं आणि प्रयोग संपल्यावर पुन्हा घसरलं, अशी नोंद पुढच्या अहवालात आहे. तेव्हा यश नुसत्या गणिताचं नव्हतं, नीट विचारलेल्या प्रश्नांचंही होतं. आज पोट आणि यंत्र यांच्यामधली ती खुर्ची रिकामी आहे. तिच्यावर आपणच बसलो आहोत, हातात तक्ता न घेता.

आजच्या यंत्रांच्या परीक्षाही झाल्या आहेत. इस्रायलमधल्या शेबा वैद्यकीय केंद्रातल्या डॉक्टरांनी २०२३मध्ये रुग्णांनी खरोखर विचारलेले पोटाचे ११० प्रश्न चॅटजीपीटीला घातले आणि तीन अनुभवी पोटविकारतज्ज्ञांकडून उत्तरांना पाचपैकी गुण देववले. उपचारांविषयीच्या उत्तरांना अचूकतेत सरासरी ३.९ गुण मिळाले, लक्षणांविषयीच्या उत्तरांना ३.४. उपयुक्ततेत हे आकडे आणखी थोडे खाली गेले. शाळेत हा पहिला वर्ग म्हणता येईल. त्याच वर्षी अमेरिकेत पोटविकारतज्ज्ञांच्या स्वयंचाचणीला हे यंत्र बसवलं. उत्तीर्ण व्हायला ७० टक्के हवे होते. जुन्या आवृत्तीला ६५.१ मिळाले आणि नव्या, सुधारलेल्या आवृत्तीला ६२.४. दोघी नापास, त्यातही धाकटी जास्त. त्यानंतरची यंत्रं अशा परीक्षांमध्ये बरीच पुढे गेली आहेत, हे सांगायला हवं. जुने गुण दाखवून आजच्या यंत्राला हिणवण्यात अर्थ नाही.

मला जास्त अस्वस्थ करून गेला तो ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२५मध्ये मांडलेला हिशेब. डॉक्टरांनी लिहून दिलेले दहा आजारप्रसंग त्यांनी घेतले. ते प्रसंग जसेच्या तसे यंत्राला दिले तेव्हा शंभरातल्या जवळजवळ ९५ वेळा यंत्रानं आजार ओळखला. मग तेच प्रसंग सुमारे १,३०० सामान्य माणसांना वाचायला दिले. हे तुम्हालाच होतंय असं समजा, आणि यंत्राशी बोलून काय झालंय ते ठरवा, असं त्यांना सांगितलं. आता नेमका आजार ओळखणाऱ्यांचं प्रमाण ३५ टक्क्यांच्याही खाली आलं. ज्यांना यंत्र दिलंच नव्हतं, ज्यांनी आपल्या नेहमीच्या मार्गानं माहिती काढली, ती माणसं यांच्यापेक्षा मागे नव्हती. यंत्र तेच आणि आजारही तेच होते. फक्त मध्ये माणूस आला. त्यानं अर्धवट सांगितलं, आणि जे उत्तर मिळालं त्यातलं काय उचलायचं ते त्याला उमगलं नाही.

आकड्यांपेक्षा एक हकिगत सांगतो. माझे एक जुने सहकारी निवृत्त होऊन सहासात वर्षं झाली आहेत. कर्ज विभागात होते, माणूस कमालीचा चिकित्सक. गेल्या वर्षी त्यांना पोटाच्या वरच्या भागात, छातीच्या हाडाच्या जरा खाली जळजळ सुरू झाली. त्यांनी मोबाईलवरच्या सल्लागाराला विचारलं, ‘गॅस आणि ॲसिडिटीसाठी काय करावं?’ तीन आठवडे हा संवाद चालला. मुलानं नंतर तो मला वाचायला दिला, कारण मी ‘लिहिणारा’. मी तो दोनदा वाचला. रात्रीचं जेवण लवकर घ्या, तिखट-तेलकट कमी करा, जेवल्या जेवल्या आडवे होऊ नका, उशाशी उंची द्या, चहा-कॉफी आवरा. भाषा नम्र, मांडणी झकास. त्यात एकही वाक्य चूक नव्हतं. शेवटी, छातीत दुखलं किंवा दम लागला तर तातडीनं डॉक्टरांकडे जा, हेही लिहिलं होतं. पण हे गृहस्थ ‘छातीत’ म्हणत नव्हते, ‘पोटात’ म्हणत होते. आणि जिना चढताना जळजळ वाढते, थांबलं की थांबते, हे त्यांनी सांगितलंच नव्हतं. त्यांना मधुमेह आहे हेही नाही. पोटाच्या प्रश्नात साखरेचा काय संबंध, असं त्यांना वाटलं.

तो गॅस नव्हता. हृदयाच्या रक्तवाहिनीतला अडथळा होता. हृदयाच्या खालच्या भागाचं दुखणं पोटाच्या वरच्या भागात जाणवू शकतं, आणि मधुमेही माणसात ते आणखी फसवं रूप घेतं. सुदैवानं एका सकाळी त्यांना दरदरून घाम फुटला, सूनबाईनं कुणाचंही न ऐकता रिक्षा बोलावली, आणि वेळेत अँजिओप्लास्टी झाली. आज ते पुन्हा कट्ट्यावर असतात. आमच्या बँकेत एका विशिष्ट चुकीला सगळे फार घाबरत. रक्कम बरोबर, तारीख बरोबर, बेरीजही जुळलेली. फक्त नोंद दुसऱ्याच माणसाच्या खात्यात पडलेली. अशी चूक रोजच्या ताळेबंदात सापडत नाही. तो संवाद वाचताना मला तीच आठवत होती. सल्ला बिनचूक, पण दुसऱ्या कुणाच्या पोटासाठीचा.

मग मी स्वतः बसून थोडी पडताळणी केली. एका यंत्राला मराठीत लिहिलं, ‘पोटात वरच्या बाजूला जळजळतं, गॅसच असेल ना?’ त्यानं माझ्याशी सहमत होत घरगुती उपाय दिले. नवा संवाद उघडून लिहिलं, ‘साठी उलटली आहे, मधुमेह आहे, जिना चढताना पोटाच्या वरच्या भागात जळजळतं आणि थांबल्यावर थांबतं.’ त्याच यंत्रानं पहिल्याच ओळीत सांगितलं की हे हृदयाचं असू शकतं, आजच डॉक्टरांना गाठा. म्हणजे ज्ञान होतं, ते बाहेर काढणारा प्रश्न हवा होता. शिवाय त्या ‘गॅसच असेल ना’मधला ‘ना’ घातक. ही यंत्रं स्वभावानं होयबा आहेत. एप्रिल २०२५मध्ये चॅटजीपीटीची एक सुधारित आवृत्ती वापरणाऱ्याच्या इतकी हांजी हांजी करू लागली की ती खुद्द कंपनीला मागे घ्यावी लागली. गमतीखातर ‘सकाळपासून पित्त उठलंय’ हेही दोन यंत्रांना विचारलं. एकानं अंगावरच्या गांध्या हे बरोबर ओळखलं. दुसऱ्यानं मला थंड दूध प्यायला सांगितलं.

न विचारण्याच्या या सवयीची परदेशातली एक नोंद तर अंगावर काटा आणणारी आहे. अमेरिकेत सिएटलच्या डॉक्टरांनी २०२५मध्ये ती प्रसिद्ध केली. साठ वर्षांच्या एका गृहस्थांनी आहारातलं क्लोराईड बंद करायचं ठरवलं आणि चॅटजीपीटीशी सल्लामसलत करून जेवणात मिठाऐवजी सोडियम ब्रोमाईड घ्यायला सुरुवात केली. तीन महिन्यांनी ते रुग्णालयात आले तेव्हा शेजारी आपल्यावर विषप्रयोग करतोय, असा त्यांना संशय होता. ब्रोमाईडची ही विषबाधा गेल्या शतकाच्या आरंभी, ब्रोमाईडची औषधं सर्रास घेतली जात तेव्हाची. आता जवळजवळ विस्मरणात गेलेली. त्यांचा मूळ संवाद डॉक्टरांना मिळाला नाही. पण त्यांनी स्वतः तोच प्रश्न विचारून पाहिला तेव्हा उत्तरात ब्रोमाईडचं नाव आलं, आणि ‘तुम्हाला हे कशासाठी हवंय?’ असं यंत्रानं विचारलं नाही. आमच्या चौकातला किराणेवालासुद्धा कास्टिक सोडा मागितला तर विचारतो, ‘काय करायचंय काका?’

याआधी, मे २०२४मध्ये, गुगलच्या यंत्रानं रोज एक लहान खडा खावा असा सल्ला दिल्याचं वाचून जग हसलं होतं. त्यानं तो एका विनोदी वृत्तपत्रातून गंभीरपणे उचलला होता. आपल्याकडे भातात खडा लागला तरी घरात महाभारत होतं. पण अशा चुकांची मला फार धास्ती वाटत नाही, त्या हसण्यावारी जातात. धास्ती वाटते ती शहाण्या वाटणाऱ्या उत्तरांची.

आणि शहाणपण तरी कोणत्या सालचं? जठरातला अल्सर ताणतणाव, तिखट खाणं आणि वाढलेलं आम्ल यांनी होतो, असं जगभरच्या पुस्तकांत अनेक दशकं लिहिलेलं होतं. १९८० साली असं एखादं यंत्र असतं तर त्यानं सगळी पुस्तकं वाचून हेच ठामपणे सांगितलं असतं. ऑस्ट्रेलियात पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी अल्सरच्या रुग्णांच्या जठरात एक वळणदार जंतू दाखवला तेव्हा पुष्कळ तज्ज्ञांनी माना हलवल्या. शेवटी १९८४ साली मार्शलनी त्या जंतूंचा पेला स्वतःच्या घशाखाली उतरवला आणि जठराची सूज ओढवून घेतली. २००५मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आज कुठल्याही यंत्राला विचारा, ते हेलिकोबॅक्टर पायलोरीचं नाव न अडखळता सांगेल. कारण पुस्तकं बदलली. आणि पुस्तकं बदलली, कारण कुणीतरी पुस्तकाबाहेर जाऊन पोटात पाहिलं.

मग हे यंत्र फेकून द्यावं का? माझं मत तसं नाही, आणि त्याला कारण आमच्या वहिनी. थोरल्या भावाच्या पत्नी, वय एकोणसत्तर. त्यांना शौचावाटे रक्त जात होतं, किती महिन्यांपासून ते त्यांनाच माहीत. घरात सांगायची लाज, डॉक्टर ओळखीचे म्हणून त्यांना सांगायची दुप्पट लाज. नातीनं मोबाईलवर बोलून लिहायचं कसं ते शिकवलं होतं. एका दुपारी सगळे झोपलेले असताना त्यांनी यंत्राला विचारलं. यंत्र दचकलं नाही, हसलं नाही, ‘इतके दिवस का थांबलात?’ म्हणून खेकसलंही नाही. मूळव्याध असू शकते, पण या वयात रक्त जात असेल तर मूळव्याधच असं घरी बसून ठरवू नये, तपासणी करून घ्यावी, असं त्यानं शांतपणे सांगितलं. माणसांपेक्षा यंत्राची उत्तरं अधिक आपुलकीची वाटतात, असं अमेरिकेतल्या २०२३च्या एका अभ्यासात दिसलं होतं. तिथे उत्तरांना गुण देणारे स्वतः आरोग्यक्षेत्रातले जाणकार होते. २०१७ साली छापून आलेल्या एका जागतिक पाहणीत स्वीडनमधला डॉक्टर रुग्णाला सरासरी साडेबावीस मिनिटं देतो आणि भारतातला दोनएक मिनिटं, असं नोंदलं आहे. दोन मिनिटांत वहिनींचा पदर सावरूनही झाला नसता. तेव्हा डॉक्टरांनी यंत्रावर रागावण्याआधी भिंतीवरच्या घड्याळाकडेही पाहावं.

फक्त यंत्राला काय सांगायचं आणि त्यातलं काय डॉक्टरांपुढे न्यायचं, हे आपल्याला ठरवता आलं पाहिजे. बँकेत साधं खातं उघडायचं तरी आम्ही पानभर माहिती घेत होतो. पोटाबद्दल आपण अर्धी ओळ देतो. वय, जुने आजार, दुखणं नेमकं कुठे, केव्हापासून, जेवणानं वाढतं की चालण्यानं, हे सगळं सांगायला हवं. आणि घेत असलेली प्रत्येक गोळी. गुडघ्यासाठी वर्षानुवर्षं घेतलेली वेदनाशामक गोळी किंवा हृदयासाठीची ॲस्पिरिन जठरात रक्तस्राव घडवू शकते. पण ती ‘गुडघ्याची गोळी’ म्हणून पोटाच्या प्रश्नात कुणी सांगत नाही. शौच डांबरासारखी काळी होत असेल तर ते अशा रक्तस्रावाचं लक्षण असू शकतं. लोहाच्या गोळ्यांनीही ती काळी होते, म्हणून तीही गोळी सांगायची. कारण नसताना वजन उतरणं, घास अडकणं, कावीळ, झोपेतून उठवणारं दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली तक्रार, आणि रक्त, कुठूनही आणि कितीही : या गोष्टी यंत्राशी चर्चा करण्याच्या नव्हेत. तिथे सरळ चप्पल पायात घालायची.

वहिनींनी यंत्राकडून एक गोष्ट चांगली करून घेतली. डॉक्टरांना काय काय सांगू, असं विचारून त्याची यादी नातीकडून वहीच्या कागदावर उतरवून घेतली. तोंडानं बोलायची पाळीच नको. डॉक्टरांनी तो कागद शेवटपर्यंत वाचला, मग चष्मा काढून त्यात नसलेला एक प्रश्न विचारला, ‘तुमचे वडील कशानं गेले?’ वहिनींना नीट सांगता येईना. आतड्याचं काहीतरी होतं, त्या काळी कोण विचारत होतं, एवढंच त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी त्याच आठवड्यात कोलोनोस्कोपी ठरवली. मूळव्याध होतीच. त्याखेरीज मोठ्या आतड्यात एक लहानसा पॉलिप निघाला, तो त्यांनी तिथल्या तिथे काढला आणि तपासायला पाठवला. कर्करोग नव्हता; पण तसाच राहिला असता तर पुढे होऊ शकला असता, म्हणाले. तीन वर्षांनी पुन्हा बोलावलं आहे. तारीख वहिनींनी स्वतःच स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवली आहे, आणि माझ्या भावालाही बरोबर जाऊन तपासून घ्यायला बजावलं आहे. त्याचं आपलं अजून चालूच आहे, की मला काही नाही, नुसता गॅस आहे.